खुर्ची नंबर चौदाच्या मागावर: खडकी, हडपसर, लोणी काळभोर आणि पुन्हा खडकी

फेब्रुवारीत आम्ही स्पितीला जाणार होतो. बर्फ, याक, गोठलेली नदी, सगळं ठरलं होतं. लोकरी मोजे तर मी दिवाळीतच घेऊन ठेवले होते. मग मंदारच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या ऑफिसने त्याची रजा नामंजूर केली आणि त्याच दुपारी मला एका देणगीदार ट्रस्टचा फोन आला. "खडकीतल्या एका संस्थेचं क्षमता मूल्यांकन करायचंय. तीन दिवसांचं काम आहे." मी हो म्हटलं. मोजे परत कपाटात गेले.

जे वाचक इथे फक्त डोंगर आणि धाबे वाचायला येतात, त्यांच्यासाठी सांगते: पोटापाण्यासाठी मी हे काम करते. सामाजिक संस्थेला मदत देण्याआधी देणगीदार माझ्यासारख्या माणसाला पाठवतात. संस्थेचं काम कागदावर आहे की एकाच माणसाच्या डोक्यात, तो माणूस उद्या नसला तर परवा काय होईल, हे विचारायचं, गुण द्यायचे, आणि संस्था जिथे लंगडते तिथे तिला कसं उभं करता येईल ते सुचवायचं. यासाठी माझ्याकडे अठ्ठेचाळीस प्रश्नांची प्रश्नावली आहे. ती घेऊन मी पुणं पुष्कळ हिंडलेय, पण त्यावर ब्लॉग लिहावा असं कधी वाटलं नव्हतं. या वेळी वाटलं, कारण तीन दिवस मी एका चाकाच्या खुर्चीचा पाठलाग करत होते आणि ती माझ्यापेक्षा वेगाने फिरत होती.

पहिला दिवस: खडकी

कोथरूडहून खडकीला जायचं तर मेट्रोने जा. सिव्हिल कोर्टला गाडी बदलायची, जिना उतरायचा की चढायचा यावर दोन अनोळखी माणसांचं मत घ्यायचं आणि तिसऱ्याच्या मागे जायचं. तिकीट तीस रुपयांच्या आसपास. एसी इतका गार असतो की मला मोज्यांची आठवण झाली. स्टेशनवरून बाजारापर्यंत चालत दहा-बारा मिनिटं. वाटेत एका बेकरीत गरम खारी मिळते, ती घ्या. दोन घ्या, कारण पहिली चालताना कपड्यांवरच संपते.

संस्था म्हणजे भालेराव काकांच्या घराची पुढची खोली. काका त्र्याहत्तर वर्षांचे, फॅक्टरीतून निवृत्त झालेले, आणि त्यांचा शर्ट अजूनही ड्यूटीवर असल्यासारखा इस्त्रीचा. बारा वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नी आजारी होत्या तेव्हा घेतलेली व्हीलचेअर त्यांनी नंतर शेजाऱ्याला वापरायला दिली. तिथून हे केंद्र सुरू झालं. व्हीलचेअर, वॉकर, कमोड खुर्ची, हवेची गादी, जे लागेल ते आजाऱ्याच्या घरी फुकट वापरायला द्यायचं आणि बरं वाटलं की परत घ्यायचं. प्रत्येक वस्तूवर काकांनी स्वतःच्या हाताने पिवळ्या रंगात मराठी आकडा काढलेला. अशा साठ वस्तू. मी गेले तेव्हा खोलीत त्यातली एकच कमोड खुर्ची होती आणि तिच्यावर मांजर झोपलं होतं.

"जय भीम मॅडम, बसा," काका म्हणाले. "तिच्यावर नको, स्टुलावर."

मी प्रश्नावली उघडली.

"संस्थेचं ध्येयवाक्य काय?"

"वापरून झालं की परत करा."

"संचालक मंडळाची बैठक कधी होते?"

"रोज पाच वाजता. चहाला."

"किती सदस्य असतात?"

"बाकड्यावर मावतील तितके."

"संस्थेची बलस्थानं आणि उणिवा सांगाल?"

"बलस्थानं म्हणजे गुडघा सोडून सगळं," काकांनी उजव्या पायावर थाप मारली. "उणीव म्हणजे गुडघा."

गुडघ्याची गोष्ट खरी होती. डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच बदलायला सांगितला होता. ऑपरेशन, मग तीन-चार महिने आराम. काका तयार नव्हते. कुठली वस्तू कुठल्या घरी आहे हे फक्त त्यांना ठाऊक, फोन फक्त तेच उचलणार. म्हणून तर ट्रस्टकडे अर्ज केला होता: एक पगारी माणूस, तीन वर्षांसाठी. तो माणूस मिळाला तर केंद्र चालेल आणि काका आडवे होतील. नाही मिळाला तर काका लंगडत राहतील, जोवर जमेल तोवर, आणि मग केंद्र बंद.

आणि आमच्या प्रश्नावलीत बाविसावा प्रश्न आहे. संस्थाप्रमुख सहा महिने उपलब्ध नसल्यास काम कसं चालेल? या एका प्रश्नात पाचपैकी दोनपेक्षा कमी गुण पडले की बाकी सगळं उत्तम असलं तरी अर्ज बाद.

"चालणारच नाही," काका म्हणाले.

"काका, थोडा विचार करून सांगा."

"दोन वर्षं तोच विचार करतोय. बंद पडणार. लिहा."

मी पेनाचं टोपण लावलं. इतका खरा माणूस मूल्यांकनात नापास कसा होतो, हे मी अनेकदा पाहिलंय आणि दर वेळी मला त्याचं वाईट वाटतं. वेळ काढायला मी पुढचा प्रश्न घेतला: मालमत्तेची प्रत्यक्ष पडताळणी. म्हणजे यादीतली कुठलीही एक वस्तू निवडून डोळ्यांनी पाहायची. मी डोळे मिटून काकांच्या वस्तूंच्या वहीवर बोट ठेवलं. खुर्ची नंबर चौदा.

"हडपसरला आहे. सुनंदाकडे," काका वही न बघता म्हणाले. "आमचं सगळं सांगता येतं. एक वॉकर नंबर नऊ सोडून. तो तीन वर्षांपूर्वी कोथरूडला गेला. येरवड्याहून वस्तू येते, लोणीहून येते. कोथरूडहून येत नाही. माणसं बरी होतात, वॉकर बरा होत नाही."

मी कोथरूडची आहे हे मी सांगितलं नाही. 'वस्तू परत मिळवण्याची व्यवस्था कमकुवत' असं मात्र ठसठशीत लिहिलं.

निघताना माझ्याकडून एक वाक्य गेलं, ज्याचा मला पुढे पश्चात्ताप झाला. "परवा सकाळी येते काका. तोवर बाकीच्या वस्तूंचंही जरा दाखवता आलं तर बरं होईल." मला फक्त कुठली वस्तू कुणाकडे आहे याची यादी हवी होती. काका मात्र ताठ उभे राहिले, गुडघ्यासकट.

"म्हणजे पाहणी आहे," ते म्हणाले.

"अगदी छोटीशी," मी म्हटलं.

दुसरा दिवस: हडपसर, मग लोणी काळभोर

कोथरूड डेपोवरून हडपसर गाडीतळाची थेट बस मिळते. दीड तास धरा. खिडकी मिळाली तर डाव्या बाजूची घ्या, उजवीकडे ऊन येतं. माझ्या शेजारच्या बाईंनी स्वारगेटपर्यंत मेथी निवडली आणि जुडीतली अर्धी मलाही दिली, निवडायला. नाही म्हणायची सोय नव्हती.

सुनंदाताईंचं घर भाजीबाजारामागच्या एका चारमजली इमारतीत. एकेकाळी तिथे त्यांच्या सासऱ्यांचं शेत होतं, आता तिथे पार्किंगवरून भांडणं आहेत. त्यांच्या नवऱ्याला अर्धांगवायू झाला तेव्हा खुर्ची नंबर चौदा त्यांच्याकडे आली होती. आता ते काठी घेऊन चालतात आणि मी गेले तेव्हा गॅलरीतून पार्किंगच्या भांडणात सल्ले देत होते.

"खुर्ची? ती इथं कुठं हाय," सुनंदाताई म्हणाल्या. "पंधरा दिस झालं लोणीला गेली. आबांकडं. मांडीचं हाड मोडलंय त्यांचं. पोहे खाणार ना?"

"पण काका म्हणाले, तुमच्याकडे आहे."

सुनंदाताई जराशा घुटमळल्या. मग म्हणाल्या, "आत या, दाखवते. पण काकांना बोलू नका."

मी कबूल केलं. स्वयंपाकघरात त्यांनी मसाल्याच्या डब्यांचं कपाट उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला मार्करने मोठा तक्ता काढलेला. कुठला नंबर, कुणाच्या घरी, कधीपर्यंत, पुढचं घर कुठलं. मांजरी, फुरसुंगी, मुंढवा, लोणी. बावीस वस्तू. इमारतीतल्या सहा जणी मिळून हे बघत होत्या. नियम एकच: वस्तू पाहिजे असेल तर आधीच्या घरून जाऊन आणायची, आणि झाल्यावर पुढच्या घरी नेऊन द्यायची. मधे कुणी आडवं आलं की सहाजणींपैकी एक त्याच्या दारात जाऊन बसते. जेवायच्या वेळेला.

"हे कधीपासून?"

"दोन वर्षं झाली. काकांना जिने चढवत न्हाईत आता. किती त्यांना त्रास द्यायचा?"

"मग त्यांना सांगत का नाही?"

"त्यांना वाटतं, तेच करत्यात. वाटू दे की. म्हैन्यातून एकदा फोन करतो आम्ही, काका, पाच नंबर गादी कुणाला देऊ? तोवर ती दिलेली असते."

मी पोह्यांची बशी हातात धरून त्या दाराकडे बघत राहिले. बाविसाव्या प्रश्नाचं उत्तर माझ्यासमोर मार्करने लिहिलेलं होतं, हळदीच्या डागांसकट. आणि ते उत्तर काकांना सांगायचं नाही असं मी नुकतंच कबूल केलं होतं.

पडताळणी तर करायलाच हवी होती. गाडीतळावरून सोलापूर रस्त्याची बस पकडली, कवडीपाटाच्या पुढे हवा जरा मोकळी होते. लोणी काळभोरच्या फाट्यावर उतरून रसवंतीत शिरले. वीस रुपयांत मोठा ग्लास, आलं-लिंबू घालून, बर्फ नको म्हटलं तरी बर्फ घालूनच. पीत असताना समोरून फ्लॉवरने भरलेला एक टेम्पो गेला. फ्लॉवरच्या गड्ड्यांमध्ये काळा चष्मा आणि पांढरी टोपी घातलेले एक आजोबा ताठ बसले होते. मी पर्यटकाच्या उत्साहाने हात हलवला. त्यांनीही हलवला. मी फोटो काढला आणि वहीत लिहिलं, 'स्थानिक जीवन, विलोभनीय.'

आबांचं घर उसाच्या कडेला, फाट्यापासून वीस मिनिटं. रस्ता विचारला तर प्रत्येक जण 'हे काय इथंच' म्हणतो, त्यावर जाऊ नका, टोपी घाला. दारात आबांची सून धान्य पाखडत होती.

"खुर्ची बघायला आले होते. नंबर चौदा."

"आत्ता अर्ध्या घंट्यापूर्वी गेली की. खडकीवाल्या काकांचा मंडईच्या टेम्पोवाल्यांना फोन आला, पाहणी हाय, पिवळा नंबर दिसंल ती वस्तू घेऊन या म्हणून. खडकीच्या मंडईत माल न्यायचा होताच, टेम्पोत घातली."

"आणि आबा?"

"आबा म्हणले, खुर्ची न्यायची तर मला धरून न्या. मी उतरत न्हाई."

मी फोनमधला फोटो काढून मोठा केला. आबांच्या खाली, दोन फ्लॉवरच्या मधून, एक चाक दिसत होतं. पिवळा चौदा अगदी स्वच्छ.

तिसरा दिवस: पुन्हा खडकी

मला सुनंदाताईंना फोन करायला हवा होता हे त्या दिवशी संध्याकाळीच सुचलं, पण तोवर मेथी, पोहे आणि उसाचा रस यांनी माझा ताबा घेतला होता. सकाळी खडकीत पोचले तर काकांच्या गल्लीत रिक्षा शिरत नव्हती. चालत आत गेले.

भिंतीला लागून एका ओळीत, नंबराप्रमाणे, साठपैकी चव्वेचाळीस वस्तू उभ्या होत्या. गाद्या सोडून सगळ्यांना राखाडी रंग नुकताच दिलेला. फॅक्टरीत पाहणी म्हटली की जे बाहेर गेलंय ते सगळं आत बोलवायचं, पुसायचं, रंगवायचं आणि ओळीत लावायचं. काकांनी पस्तीस वर्षं हेच केलं होतं. ते आजही चुकले नव्हते. फक्त फॅक्टरीत खुर्च्यांवर माणसं बसलेली नसायची. इथे ज्यांना उठता येत नव्हतं ते खुर्चीसकट आले होते. आबा चौदा नंबरवर, एक शाळेच्या निवृत्त बाई सत्तावीसवर, आणि वॉकर धरून उभे असलेले चौघे, ज्यांचे हात मनगटापर्यंत राखाडी झाले होते. मांजराच्या शेपटीचं टोकही.

"तयार आहे मॅडम," काका म्हणाले. "पंधरा आणायला टेम्पो मिळाला नाही, सोळावा तो कोथरूडचा नऊ नंबर. बाकी मोजून घ्या."

"बसा की ताई," आबा म्हणाले आणि त्यांनी शेजारची रिकामी खुर्ची पुढे ढकलली. मी बसले. ती ओली होती.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी एक रिक्षा थांबली आणि तिच्यातून सुनंदाताई आणि त्यांच्या दोन मैत्रिणी उतरल्या. सुनंदाताई थेट काकांसमोर आल्या.

"काका, मांजरीच्या आजींना पलंगावरून उतरायला खुर्ची न्हाई, आणि तुम्ही हितं रंग लावताय?"

"पाहणी आहे," काका म्हणाले.

"कसली पाहणी! फुरसुंगीची गादी काढून आणलीत तुम्ही. त्या माणसाच्या पाठीला जखमा हायेत. आम्ही दोन वर्षं एकेक वस्तू एका दिवसाच्या वर रिकामी ठेवली न्हाई, आणि तुम्ही एका फोनवर..."

त्या थांबल्या. पण बोलून झालं होतं.

"दोन वर्षं?" काका म्हणाले.

मग सुनंदाताईंनी सगळं सांगितलं: कपाटाचं दार, सहा जणी, पुढचं घर आधी ठरवायचा नियम. काका ऐकत होते. त्यांच्या हातातला ब्रश पायजम्यावर टेकला होता आणि त्यांना ते कळत नव्हतं. मला त्या क्षणी इतकी लाज वाटली की काय सांगू. पाहणी हा शब्द त्यांच्या डोक्यात मी घातला होता.

"आधी माल परत पाठवू," शेवटी सुनंदाताई म्हणाल्या. "मग काय रागवायचं ते रागवा."

पुढची चाळीस मिनिटं मी जे पाहिलं ते कुठल्याच प्रश्नावलीत बसणार नाही. सुनंदाताई नंबर वाचत होत्या आणि त्यांच्याकडच्या वस्तूंची घरं पाठ असल्यासारखी सांगत होत्या, बाकीची काका सांगत होते. एक मैत्रीण रिक्षा थांबवत होती, दुसरी रंग न लागलेली जागा शोधून वर्तमानपत्र गुंडाळत होती. फुरसुंगीची गादी पहिली गेली. निवृत्त बाई सत्तावीस नंबरवरून सूचना देत होत्या. काका दोनदा मदतीला पुढे झाले आणि दोन्ही वेळा सुनंदाताई म्हणाल्या, "तुम्ही बसा काका." दुसऱ्या वेळी ते खरंच बसले, मांजराला उठवून.

गल्ली रिकामी झाली. फ्लॉवरच्या टेम्पोतून आबाही निघाले, काळा चष्मा लावून.

"म्हणजे दोन वर्षं मी उगाच फोन उचलत होतो," काका म्हणाले.

"उगाच कसं," सुनंदाताई त्यांच्याशेजारी जमिनीवरच टेकल्या. "तुम्ही उचलताय का न्हाई, ते बघायलाच करत होतो."

काकांनी चष्मा काढला, पुसला. तो आणखी राखाडी झाला. मग माझ्याकडे वळले.

"मॅडम, तो बावीस नंबरचा प्रश्न परत विचारा."

मी विचारला. संस्थाप्रमुख सहा महिने उपलब्ध नसल्यास काम कसं चालेल?

"चालेल म्हणे," काका म्हणाले. "हिला विचारा कसं ते. आणि डॉक्टरांना फोन लावून द्या कुणीतरी. गुडघा करून टाकतो."

पाचपैकी चार गुण दिले. एक माझ्या कुर्त्याचा कापला. शिफारशीत लिहिलं: पगारी माणूस द्यावा, खडकीतल्या वस्तूंसाठीही कपाटाच्या दारासारखा तक्ता करावा, आणि पाहणी हा शब्द यापुढे कुणीही वापरू नये. ट्रस्टने तिन्ही शिफारशी मान्य केल्या.

परत घरी

अशी सहल करायची असेल तर खर्च अगदी कमी. तीन दिवसांचं येणंजाणं पाचशेच्या आत बसतं, जेवण लोकच घालतात. जुने कपडे घाला. सोबत काय आणलं म्हणाल तर अर्धी निवडलेली मेथी, एका फ्लॉवरचा गड्डा आणि पाठीवर दोन राखाडी पट्टे, जे टर्पेंटाइनने निघत नाहीत.

आठवड्याने सुनंदाताईंचा फोन आला. काकांचं ऑपरेशन नीट झालं होतं, डॉक्टर उद्यापासून चालवणार होते. "पण वॉकर एकही रिकामा न्हाई बघा. सगळं बाहेर. काका म्हणत्यात, कुणाचा काढून आणू नका. बघू, निघेल एखादा."

मी कुर्ता तिसऱ्यांदा धुतला होता. तो हातात घेऊन गॅलरीत गेले. तिथे दोऱ्या भरलेल्या होत्या.

"त्या स्टँडवर टाक ना," आतून सासूबाई म्हणाल्या.

आमच्याकडे टॉवेल वाळत घालायचं एक स्टँड आहे. हलकं, चार पायांचं, फार सोयीचं. सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून आहे. तेव्हा मंदारच्या ऑफिसमधल्या कुणीतरी कुठूनतरी आणून दिलं होतं. त्याला झाली असतील तीन वर्षं. मी एक टॉवेल उचलला. मग दुसरा उचलला.

पिवळ्या रंगात, मराठी, अगदी सुबक हाताने काढलेला नऊ होता.

मी गॅलरीतच खाली बसले आणि काकांना फोन लावला. ते अजून हॉस्पिटलमध्ये होते. मी सगळं सांगितलं, न थांबता, कोथरूडसकट. तासाभरात वॉकर घेऊन येते म्हटलं.

"या, सावकाश या," काका म्हणाले. "आणि मॅडम, गुडघा बरा झाला की तुमच्याकडे एकदा पाहणीला येऊ का?"